सगळ्यांकडे जाऊन घरी परत: लहानात लहान फेरी कशी काढायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाण्याला नौपाड्यात आमच्या वहिनी घरगुती डबे करतात. मी गणिताच्या शिकवण्या घेतो. पुतण्या स्कूटरवरून डबे पोचवतो आणि रोज दुपारी तोंड पाडून घरी येतो, असं बरेच महिने चाललं होतं. शेवटी एका रविवारी वही घेऊन बसलो आणि त्याची फेरी बसवून दिली. ही गोष्ट गल्लीत पसरली. आता इस्त्रीवाले काका विचारतात, पेपर टाकणारी मुलं विचारतात, वर्गणीला फिरणारे मंडळाचे कार्यकर्ते विचारतात. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

यात नेमकं काय शोधायचं असतं?

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: मला ठिकाणं गाठायची आहेत की रस्ते संपवायचे आहेत? डबेवाल्याला पाच दारं गाठायची असतात, मधल्या गल्ल्या कुठल्याही चालतात. घंटागाडीला प्रत्येक गल्लीतून जावंच लागतं, कारण कचरा प्रत्येक गल्लीत आहे. दोघंही निघाले तिथेच परत येतात, म्हणून प्रश्न एकच वाटतो. पण एक प्रश्न पोरखेळ आहे आणि दुसऱ्यानं जगभरच्या गणितज्ञांना घाम फोडलाय. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं घोडं इथेच पेंड खातं. खाली आधी ठिकाणांचं सांगतो, गल्ल्यांचं नंतर.

ग्राफ म्हणजे शाळेतला तो चौकटीचा कागद का?

नाही. इथला ग्राफ म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. ठिपका म्हणजे नाका किंवा गिऱ्हाइकाचं घर, रेघ म्हणजे त्यांच्यामधला रस्ता, रेघेवर लिहिलेला आकडा म्हणजे लागणारा वेळ किंवा अंतर. रस्ता वाकडा आहे की सरळ, वाटेत तलाव लागतो की मिसळीचं दुकान, यातलं काही ग्राफला ठाऊक नसतं.

जवळचं आधी, लांबचं नंतर. यात गणित कसलं आलं?

पुतण्याही हेच म्हणाला होता. म्हणून त्याच्याच आकड्यांवरून दाखवतो. आठवडाभर त्यानं साडेअकरानंतरच्या वेळा टिपून आणल्या. घर नौपाड्यात आणि गिऱ्हाइकं पाच ठिकाणी. सगळे आकडे स्कूटरवरच्या मिनिटांचे:

नौपाड्याहून: पाचपाखाडी ७, कळवा १५, माजिवडा १६, वर्तकनगर १८, बाळकुम २१
पाचपाखाडीहून: माजिवडा १०, वर्तकनगर १२, बाळकुम १६, कळवा १८
वर्तकनगरहून: माजिवडा ११, बाळकुम १५, कळवा २७
माजिवड्याहून: बाळकुम ६, कळवा १७
बाळकुमहून: कळवा १४ (साकेतवरून खारेगावकडे)

आता "जवळचं आधी" करून बघा. नौपाड्याहून सगळ्यात जवळ पाचपाखाडी, ७. तिथून माजिवडा, १०. तिथून बाळकुम, ६. तिथून कळवा १४ आणि वर्तकनगर १५, म्हणजे एका मिनिटानं कळवा जवळ. चला कळव्याला. आणि मग लक्षात येतं की वर्तकनगर राहिलंच! कळव्याहून वर्तकनगर २७, तिथून घर १८. बेरीज ८२ मिनिटं.

पुतण्या रोज हेच करत होता. प्रत्येक वळणावर शहाणपणाचा निर्णय आणि एकूण फेरी मात्र द्राविडी प्राणायाम. या पद्धतीची खोड अशी की सुरुवातीला ती स्वस्तातले रस्ते उचलते आणि शेवटी मागे राहिलेल्यांसाठी अर्धं शहर पालथं घालायला लावते.

वर्तकनगर तिथून उचलून पाचपाखाडी आणि माजिवडा यांच्यामध्ये ठेवलं की फेरी अशी होते: नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, माजिवडा, बाळकुम, कळवा, नौपाडा. म्हणजे ७, १२, ११, ६, १४, १५. बेरीज ६५. एक डबा आधी दिला आणि सतरा मिनिटं वाचली.

६५ हीच सगळ्यात लहान फेरी आहे हे कशावरून? नीट शोधली तर ६० ची सापडेलही.

हा प्रश्न वहिनींनी विचारला, आणि मला तो सगळ्यात आवडला. "भावजी, तुम्हाला सापडली नाही म्हणजे ती नाहीच असं कसं?" बरोबर आहे. मग पटवून द्यायचं कसं?

फेरीत प्रत्येक ठिकाणी गाडी एकदा येते आणि एकदा निघते. म्हणजे प्रत्येक ठिकाणाच्या वाट्याला दोन रेघा येतात. कुठलीही फेरी घ्या, त्या दोन रेघा त्या ठिकाणच्या सगळ्यात स्वस्त दोन रेघांपेक्षा स्वस्त असूच शकत नाहीत. तर प्रत्येक ठिकाणच्या सगळ्यात स्वस्त दोन रेघा मांडू. नौपाडा ७ आणि १५, म्हणजे २२. पाचपाखाडी ७ आणि १०, १७. वर्तकनगर ११ आणि १२, २३. माजिवडा ६ आणि १०, १६. बाळकुम ६ आणि १४, २०. कळवा १४ आणि १५, २९. एकूण १२७. प्रत्येक रेघ तिच्या दोन्ही टोकांकडून मोजली गेली, म्हणून निम्मं करा: साडेत्रेसष्ट. मिनिटं पूर्णांकात आहेत, तेव्हा कुठलीही फेरी ६४ च्या खाली जाणं शक्य नाही.

उरलं फक्त ६४. ते जमवायचं तर १२७ च्या वर जेमतेम एक मिनिट जास्त खर्चता येतं. कळव्याची तिसरी स्वस्त रेघ १७ ची, ती घेतली तर दोन मिनिटं वाढतात. म्हणून कळव्याला बाळकुम आणि नौपाडाच लागणार. नौपाड्याची एक रेघ कळव्याकडे गेली, दुसरी ७ ची न घेता १६ ची घेतली तर नऊ मिनिटं वाढतात, म्हणून पाचपाखाडी नक्की. बाळकुमची दुसरी रेघ त्याच हिशेबानं माजिवड्याची. आता एकटं वर्तकनगर उरलं, आणि त्याला जागा एकच: पाचपाखाडी आणि माजिवड्याच्या मधे. ती फेरी तर ६५ ची. म्हणजे ६४ ची फेरी नाहीच.

वहिनींनी पोळी लाटता लाटता हे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग झालं तर."

संगणकाला सगळ्या शक्यता तपासायला लावल्या तर?

सहा ठिकाणांना चालेल, एकूण ६० फेऱ्याच होतात (उलटसुलट एकच धरून). दहा ठिकाणांना १,८१,४४०. पंधरा ठिकाणांना ४३,५८,९१,४५,६००, म्हणजे सेकंदाला दहा कोटी फेऱ्या तपासणारं यंत्र सात मिनिटं घेईल. वीस ठिकाणं झाली की त्याच यंत्राला साधारण एकोणीस वर्षं लागतील. डबे तोवर कोण खाणार?

जरा हुशारी करता येते. बेलमन यांनी, आणि हेल्ड व कार्प या जोडीनं, १९६२ मध्ये अशी रीत दाखवली की कुठली ठिकाणं झाली आणि आत्ता कुठे उभे आहोत एवढंच लक्षात ठेवायचं, ती कुठल्या क्रमानं झाली ते विसरायचं. वीस ठिकाणांचं काम मग चाळीसेक कोटी पायऱ्यांत आटोपतं. पण ठिकाण एक वाढलं की काम दुपटीहून जास्त वाढतं, त्यामुळे पन्नास ठिकाणांना तीही रीत हात टेकते.

मग कागदावर करायचं तरी काय?

मी करतो ते सांगतो. कुठलीतरी फेरी घ्या, "जवळचं आधी"वाली चालेल. मग ती दुरुस्त करा. दोन दुरुस्त्या पुरतात. एक, फेरी स्वतःलाच फुलीसारखी छेदत असेल तर ती फुली सोडवा: छेदणाऱ्या दोन रेघा पुसा आणि मधला तुकडा उलटा करून जोडा. (सरळ रेषेच्या अंतरांना फुली सोडवून फायदा होतोच. रस्त्यांवर दुभाजक नि उड्डाणपूल असल्यानं बहुतेक वेळा होतो, म्हणून बेरीज करून बघा.) दोन, एकेक ठिकाण उचलून दुसऱ्या कुठल्या दोघांच्या मधे बसतंय का ते पाहा. वर्तकनगरचं आपण तेच केलं. काहीच सुधारेना की थांबा.

हे ठोकताळे झाले. हमी हवी असेल तर निकोस क्रिस्टोफिडीस यांची १९७६ ची रीत आहे, आणि ती इतकी देखणी आहे की शिकवणीत मी ती अभ्यासक्रमात नसतानाही शिकवतो. आपल्याच तक्त्यावर करू.

आधी सगळी ठिकाणं कमीत कमी खर्चात नुसती जोडा, फेरी नको. स्वस्तातली रेघ आधी घ्यायची, गोल तयार होत असेल तर ती सोडायची. माजिवडा–बाळकुम ६, नौपाडा–पाचपाखाडी ७, पाचपाखाडी–माजिवडा १०, वर्तकनगर–माजिवडा ११. पुढची १२ ची रेघ गोल करते, सोडा. मग बाळकुम–कळवा १४. झालं, एकूण ४८. याला झाड म्हणतात. आता या झाडात कुठल्या ठिपक्याला विषम रेघा आहेत ते पाहा: नौपाडा एक, वर्तकनगर एक, कळवा एक, माजिवडा तीन. या चौघांच्या स्वस्तात जोड्या लावा. नौपाडा–कळवा १५ आणि माजिवडा–वर्तकनगर ११, बेरीज २६. बाकीच्या जोड्या ३५ आणि ४३ ला पडतात. ४८ आणि २६ मिळून ७४.

आता प्रत्येक ठिपक्याला सम रेघा आहेत, त्यामुळे हात न उचलता सगळं गिरवता येतं: नौपाडा, पाचपाखाडी, माजिवडा, वर्तकनगर, पुन्हा माजिवडा, बाळकुम, कळवा, नौपाडा. माजिवडा दोनदा आलं, एकदा गाळा. दुसऱ्यांदाचं गाळलंत तर ७२, पहिल्यांदाचं गाळलंत तर आपली ६५ हाती लागते. या रीतीची हमी अशी की दोन्हीकडचे आकडे सारखे असतील आणि वळसा घेऊन जाणं थेट जाण्यापेक्षा कधीच स्वस्त पडत नसेल, तर उत्तर सर्वोत्तमाच्या दीडपटीपलीकडे जात नाही. ही दीडपट चव्वेचाळीस वर्षं कोणाला हलवता आली नव्हती. २०२० मध्ये कार्लिन, क्लाइन आणि ओवेस घारान यांनी ती खाली आणली, तीही केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढीसुद्धा नाही. तरी केवढा गाजावाजा झाला!

तक्त्यातले आकडे आणायचे कुठून?

खरी मेहनत इथे आहे आणि मी सपशेल आपटलो तोही इथेच. पहिला तक्ता मी नकाशावर पट्टी ठेवून केला. तेव्हा कोपरीत एक गिऱ्हाईक होतं. नौपाडा आणि कोपरी नकाशावर बोटभर अंतरावर. मधून रेल्वेचे रूळ जातात, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली तेव्हापासून जातात, आणि जन्म ठाण्यात काढलेल्या मला ते सुचलं नाही. पुतण्या तीन हात नाक्यावरून, कोपरी पुलावरून वळसा घालून पोचला. डाळ गार, गिऱ्हाईक गरम. आल्यावर म्हणाला, "काका, तुमच्या वहीत रूळ नव्हते."

गंमत म्हणजे स्टेशनच्या पादचारी पुलावरून चालत गेलं तर तीच कोपरी खरोखर जवळ आहे. म्हणजे चालणाऱ्याचा ग्राफ वेगळा, स्कूटरचा वेगळा, टेम्पोचा त्याहून वेगळा. दुसऱ्याचा तक्ता उसना घेऊ नका. अंतरापेक्षा मिनिटं धरा, आणि ज्या वेळी निघणार त्याच वेळची धरा. माजिवड्याचा आकडा सकाळी साडेसहाला एक आणि संध्याकाळी सातला दुसराच.

दोन ठिकाणांमधे पाचसहा नाके असतील तर त्यातून लहानात लहान वाट काढण्याची रीत एडस्गर डाइक्स्ट्रा यांची, १९५९ मध्ये छापलेली. तत्त्व साधं आहे. निघाल्या ठिकाणापासून आजवर सापडलेली वेळ प्रत्येक नाक्यावर लिहा. ज्या नाक्याचा आकडा सगळ्यात लहान तो पक्का करा, त्याच्या शेजाऱ्यांचे आकडे त्याच्यामार्फत कमी होत असतील तर खोडून नवे लिहा, मग उरलेल्यांतला लहान पक्का करा. ही रीत ॲमस्टरडॅममध्ये एका कॅफेत कॉफी पिताना वीस मिनिटांत सुचली, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. मोबाईलमधल्या रस्ता दाखवणाऱ्या ॲपांच्या मुळाशी याच कुळातल्या रीती आहेत.

जायला दहा मिनिटं आणि यायला सोळा, असं असेल तर?

घोडबंदर रोडवर हेच असतं. समोरच्या बाजूला इमारत दिसतेय, सोसायटीचं नावही वाचता येतंय, पण मधे दुभाजक. पुढे जाऊन वळून या. अशा वेळी तक्त्यात दोन आकडे लिहायचे, जाण्याचा वेगळा आणि येण्याचा वेगळा. मग उलटी फेरी आणि सुलटी फेरी सारखी राहत नाही, दोन्ही मोजाव्या लागतात. क्रिस्टोफिडीसची हमीही तिथे लागू नाही. ठिकाण उचलून दुसरीकडे ठेवण्याची युक्ती मात्र चालते.

लिफ्टपाशी पाच पाच मिनिटं जातात, ती कुठे धरायची?

कुठेच नाही. कुठल्याही क्रमानं गेलात तरी ती जाणारच. फेरीच्या एकूण वेळेत मिळवा, तक्त्यात मिसळू नका.

फेरी उलटी फिरवली तर काही फरक पडतो का?

पेट्रोलला नाही, माणसांना पडतो. आपली ६५ ची फेरी पाचपाखाडीकडून सुरू केली तर डबे ७, १९, ३०, ३६ आणि ५० व्या मिनिटाला पोचतात. सगळ्यांच्या वाट बघण्याची बेरीज १४२ मिनिटं. कळव्याकडून सुरू केली तर १५, २९, ३५, ४६, ५८, म्हणजे १८३. फेरी तीच, भुकेची बेरीज एक्केचाळीसनं जास्त. म्हणून एरवी पाचपाखाडीकडून.

पण कळव्याच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी लवकर होते. तिथे अर्ध्या तासात पोचायचं असेल तर ५० वं मिनिट उपयोगाचं नाही, उलटी फेरीच हवी. वेळेची अट एखाददुसरी असेल तर अशी निभते. पाचही जणांनी आपापली वेळ सांगितली तर कधी कधी बसणारी फेरीच नसते. मग गणित सोडून फोन करावा लागतो.

नवीन गिऱ्हाईक घ्यायचं का, हे कसं ठरवायचं?

घरापासून ते किती लांब आहे हे बघू नका. ते चालू फेरीत कुठे बसतं ते बघा. खारेगावहून एक बाई विचारत होत्या. नौपाड्याहून खारेगाव लांब, वहिनी नाही म्हणणार होत्या. पण बाळकुमहून कळव्याला जाताना ते वाटेवरच आहे: बाळकुम–खारेगाव ९, खारेगाव–कळवा ७, मिळून १६, वजा आधीचे १४. खर्च फक्त दोन मिनिटं. त्याच आठवड्यात उपवनचं गिऱ्हाईक आलं. वर्तकनगरपासून उपवन ७, उपवनपासून माजिवडा १६, वजा ११, म्हणजे बारा मिनिटं. दोघांकडून पोचवण्याचे पैसे सारखेच घेत होतो हे तेव्हा कळलं.

याच्याशी जोडलेली एक जुनी गोष्ट. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधल्या तागाच्या लागवडीची नमुना पाहणी केली, तेव्हा माणसांनी शेतं गाठत फिरण्याचा खर्च किती याचा हिशेब त्यांना करावा लागला. त्यांच्या १९४० च्या लेखात असं दिसतं की तेवढ्याच प्रदेशात ठिकाणं वाढवली तर प्रवास त्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. गिऱ्हाइकं चौपट, फेरी साधारण दुप्पट. म्हणून आहे त्याच भागात नवी दारं शोधणं परवडतं, आणि नव्या भागातलं एकटं दार महाग जातं.

पेपर टाकणारा आणि घंटागाडी: गल्ल्यांचा प्रश्न कसा सुटतो?

हा १७३६ पासून सुटलेला आहे. तेव्हाच्या क्योनिग्सबर्ग शहरात (आजचं रशियातलं कॅलिनिनग्राड) नदीवर सात पूल होते, आणि प्रत्येक पुलावरून एकदाच जाऊन फेरफटका पुरा होईल का, हा तिथल्या लोकांचा लाडका प्रश्न. लिओनार्ड ऑयलर यांनी पूल मोजले. जमिनीच्या चार तुकड्यांपैकी एकाला पाच पूल, बाकी तिघांना तीन तीन. सगळेच विषम, म्हणून शक्य नाही. कारण आत आलेल्याला बाहेर पडायला दुसरा पूल लागतो, म्हणजे पूल जोडीजोडीनंच संपतात. प्रत्येक नाक्याला सम रस्ते असतील तर कुठलीही गल्ली दोनदा न करता घरी परत येता येतं. आपल्या कागदात झाड आणि जोड्या करताना विषम ठिपके शोधले, ते याच कारणानं.

गल्ल्या विषम निघाल्या तर? मग काही गल्ल्या दोनदा कराव्याच लागतात, आणि कुठल्या ते १९६० मध्ये ग्वान मेइगू या चिनी गणितज्ञानं मांडलं. म्हणून याला चिनी पोस्टमनचा प्रश्न म्हणतात. विषम नाक्यांच्या स्वस्तात जोड्या लावायच्या आणि जोडीमधला रस्ता दोनदा चालायचा. विषम नाके नेहमी सम संख्येत असतात, त्यामुळे जोडीविना कोणी उरत नाही.

आमच्या मागच्या गल्ल्या इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या आहेत: दोन चौक, मधली गल्ली सामाईक. प्रत्येक बाजू शंभर मीटर धरली तर एकूण ७०० मीटर. मधल्या गल्लीची दोन टोकं विषम, बाकी सम. म्हणून मधली गल्ली दोनदा, एकूण ८००. त्याखाली होणारच नाही. पेपर टाकणारा मुलगा त्याहून जास्त चालत होता. त्याला दाखवल्यावर म्हणाला, त्या गल्लीत कुत्रं आहे, दोनदा नाही जाणार. मग त्या गल्लीचा आकडा १०० ऐवजी ५०० लिहिला. आता दोन टोकं जोडायला बाहेरची बाजू स्वस्त, तीनशे मीटरची. ती दोनदा चालायची, कुत्र्याची गल्ली एकदाच, एकूण १००० मीटर. वर्षभर तो १००० मीटरच चालतोय.

मोबाईलचा नकाशा हे करून देत नाही का?

दोन ठिकाणांमधला रस्ता उत्तम काढतो. थांबे मात्र तुम्ही ज्या क्रमानं घातले त्याच क्रमानं नेतो. क्रम बोटानं ओढून तुम्हीच बदलायचा असतो, आणि क्रम हाच तर आपला प्रश्न आहे. कोणाला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी येत असेल तर गूगलनं खुलं केलेलं ओआर-टूल्स हे सॉफ्टवेअर वापरा, शंभरेक ठिकाणांची चांगली फेरी ते काही सेकंदांत देतं. तक्ता तिथेही तुम्हीच भरायचा.

मुंबईचे डबेवाले हीच रीत वापरतात का?

नाही. त्यांची करामत वेगळी आहे. एक माणूस सगळ्यांकडे फिरतच नाही. गोळा करणारा आपल्या छोट्या भागातले डबे स्टेशनवर आणतो, झाकणावरच्या खुणांवरून ते वेगळे होतात, लोकल ते पुढे नेते, आणि पोचवणारा दुसराच असतो. लांबचं सगळं अंतर रेल्वेच्या डोक्यावर टाकलं की प्रत्येकाची फेरी लहान राहते. आमच्याकडे एक स्कूटर आणि एक पुतण्या.

दोन गाड्या असल्या तर निम्मा वेळ लागेल?

वाटतं तसं होत नाही. एकीनं पाचपाखाडी आणि वर्तकनगर करून परत यायचं: ३७ मिनिटं. दुसरीनं माजिवडा, बाळकुम, कळवा: ५१. एकूण ८८, म्हणजे पेट्रोल तेवीस मिनिटांचं जास्त. पण शेवटचा डबा ५० ऐवजी ३६ व्या मिनिटाला पोचतो. काय वाचवायचंय, पेट्रोल की वेळ, हे आधी ठरवा. वहिनींनी पेट्रोल ठरवलं.

हा प्रश्न कोणी कायमचा सोडवलाय का?

मोठमोठी उदाहरणं सुटली आहेत. १९५४ मध्ये डॅन्झिग, फुल्करसन आणि जॉन्सन यांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांची सर्वोत्तम फेरी सिद्धतेसकट काढली. २००६ मध्ये ८५,९०० ठिकाणांचं उदाहरण सुटलं, ती ठिकाणं एका चिपवरची होती. पण कुठलंही उदाहरण टाका आणि झटपट अचूक उत्तर घ्या, अशी रीत कोणाकडे नाही. ती असूच शकत नाही हेही कोणी सिद्ध केलेलं नाही. ज्या मोठ्या कोड्याचा हा भाग आहे त्यावर क्ले या गणिताच्या संस्थेनं २००० मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलंय, ते अजून तसंच पडून आहे.

एखादं गिऱ्हाईक सुट्टीवर असेल तर फेरी पुन्हा काढायची का?

साधारणपणे नाही. त्याला गाळा आणि बाकीचा क्रम तसाच ठेवा. बाळकुमचा डबा बंद असला की आमची फेरी माजिवड्याहून थेट कळवा अशी होते, ६ अधिक १४ ऐवजी १७, म्हणजे ६२. दोन जण एकदम गळले तर मात्र मी पुन्हा वही काढतो. दिवाळीत निम्मी गिऱ्हाइकं गावी जातात आणि फराळाच्या ऑर्डरी भलत्याच पत्त्यांवरून येतात, तेव्हा तक्ता नव्यानेच करावा लागतो. यंदा पुतण्यानं तो स्वतः केला. कोपरीच्या रांगेत त्यानं लाल पेनानं "रूळ" असं लिहून ठेवलंय.